त्यांच्या कीबोर्डवरचा हात आधी काढा

पत्र

मी पदवीच्या विद्यार्थ्यांना संगणकशास्त्र शिकवतो. वर्गात जवळपास निम्म्या मुली आहेत आणि परीक्षेत त्याच पुढे असतात. या वर्षी मी सायबर सुरक्षेचा एक गट सुरू केला. पहिल्या शनिवारी २६ जण आले, त्यात ११ मुली होत्या. पाचव्या शनिवारी एकच मुलगी उरली आणि आता तीही येत नाही. मी कुणाला कधी कमी लेखलेलं नाही. उलट पहिल्याच दिवशी या क्षेत्रातल्या कर्तबगार स्त्रियांवर तासभर बोललो, भिंतीवर त्यांची चित्रं लावली. सरावासाठी 'बॅन्डिट' हा खेळ दिला. ती शेवटची मुलगी दुसऱ्याच पायरीवर अडली होती. शेजारच्या मुलाने लगेच तिला करूनही दाखवलं, तरी तिचा रस गेला. मुलींना या विषयात खरंच रस नसतो का? त्यांची वेगळी तुकडी करावी का? पालकही विचारतात, रात्रपाळी आणि हॅकर लोकांचा पिच्छा, हे मुलीने करायचं काम आहे का? त्यांना काय सांगू?

— एक शिक्षक

उत्तर

सर,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले. 'शेजारच्या मुलाने लगेच तिला करूनही दाखवलं, तरी तिचा रस गेला.' यातल्या 'तरी'च्या जागी 'म्हणून' लिहून पाहा. मला वाटतं, त्या मुलीचं काय झालं ते तिथेच कळतं.

'बॅन्डिट' ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. 'ओव्हरदवायर' नावाच्या गटाने तो फुकट ठेवला आहे. दूरच्या एका सर्व्हरवर लॉगिन करायचं, तिथे कुठेतरी लपवलेला पासवर्ड शोधायचा आणि तो वापरून पुढच्या पायरीवर जायचं. चित्रं नाहीत, बटणं नाहीत, नुसता काळा पडदा आणि त्यावर टाईप केलेल्या कमांड. पहिला पासवर्ड 'रीडमी' नावाच्या फाइलमध्ये सरळ मिळतो, म्हणून हुरूप येतो. पुढच्या पायरीवर फाइलचं नाव म्हणजे फक्त एक आडवी रेघ, डॅश. फाइल वाचायची कमांड 'कॅट'. मुलगी 'कॅट' लिहिते, पुढे डॅश टाकते, एंटर दाबते. आणि काहीच होत नाही. चूक झाली असंही पडदा सांगत नाही. कर्सर नुसता लुकलुकत राहतो.

खरं तर संगणक त्या क्षणी तिचीच वाट पाहत असतो. 'कॅट'पुढे एकटी डॅश आली की तिचा अर्थ 'कीबोर्डवरून जे येईल ते घे' असा होतो, त्यामुळे आता ही काय लिहिते म्हणून तो थांबलेला असतो. पण तिला हे कुठून कळणार? ज्याच्या हाताखालून दोन-चार संगणक बिघडून पुन्हा सुरू झालेत त्याला असा थिजलेला पडदा ओळखीचा असतो. तो कंट्रोल आणि सी दाबतो, बाहेर पडतो, दुसरं काहीतरी करून पाहतो. जिने आजवर अभ्यास करून अचूक उत्तरं लिहिली, पैकीच्या पैकी गुण मिळवले, तिच्या मनात पहिला विचार येतो तो 'मी काहीतरी बिघडवलं' असा. ती इकडे-तिकडे पाहते. आणि नेमक्या त्याच वेळी शेजारून एक हात येतो, तिच्या कीबोर्डवर चार अक्षरं टाईप करतो, पासवर्ड समोर येतो. 'सोपं होतं गं.'

त्या मुलाच्या मनात काही वाईट नव्हतं हे मी मान्य करते. मदतच केली त्याने. पण त्या अर्ध्या मिनिटात तिच्याकडून काय गेलं ते पाहा. तो कर्सर का थांबला होता, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. आपल्याला जे जमलं नाही ते दुसऱ्याला सोपं होतं, एवढंच तिच्या पदरात पडलं. पुढच्या शनिवारी तिने का यावं?

सायबर सुरक्षेचं काम म्हणजे रोजचं अडणं. आम्ही पगार घेतो तो अडून बसण्याचा. २०२४ च्या मार्चमध्ये 'एक्सझेड युटिल्स' या, लिनक्स प्रणालीच्या संगणकांवर सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या साधनात कुणीतरी चोरवाट पेरलेली सापडली. ती शोधणारे आंद्रेस फ्रॉइंड हे सुरक्षातज्ज्ञ नव्हते, डेटाबेसवर काम करणारे प्रोग्रॅमर होते. लॉगिनला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढंच त्यांना दिसलं. बहुतेकांनी ते सोडून दिलं असतं. ते मात्र त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागले आणि ती चोरवाट जगभरच्या सर्व्हरवर पोहोचायच्या आत उघडी पडली. 'हे असं का होतंय?' या प्रश्नाला चिकटून राहण्याची सवय हीच या कामातली खरी पुंजी. ती सवय लागते स्वतःच्या हाताने चुकून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहून. म्हणून गटाचा पहिला नियम हा करा: दुसऱ्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही. मुलांनी नाही, मुलींनी नाही, आणि सर, तुम्हीही नाही. मदत तोंडाने करायची, तीही प्रश्न विचारून. तू काय टाईप केलंस? काय होईल असं वाटलं होतं? प्रत्यक्षात काय झालं? या तीन प्रश्नांनी दहातले सात अडथळे सुटतात, आणि सुटतात ते तिच्याकडूनच.

आता भिंतीवरच्या चित्रांविषयी. ती काढू नका. पण एक गोष्ट सांगते, तिच्यावर विचार करा.

१९४० साली मेव्हिस लिव्हर नावाची १९ वर्षांची मुलगी ब्रिटनमधल्या ब्लेचली पार्कला रुजू झाली. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे सांकेतिक संदेश फोडण्याचं काम तिथे चालायचं. ती शिकत होती जर्मन भाषा. गणिताची विद्यार्थिनी नव्हती आणि यंत्रांची तर नव्हतीच. तिचे वरिष्ठ डिली नॉक्स यांनी तिचं स्वागत कसं केलं हे तिने पुढे अनेकदा सांगितलं. आम्ही यंत्रं फोडतोय, पेन्सिल आहे का, घे, बघ जमतंय का, असं म्हणून त्यांनी कागद तिच्यापुढे सरकवले. झालं स्वागत.

शत्रू ज्यावर संदेश सांकेतिक करायचा त्या एनिग्मा यंत्राची एक खोड होती. कुठलंही अक्षर दाबलं तर त्याच्या बदल्यात तेच अक्षर कधीच येत नसे. एक दिवस मेव्हिसच्या हाती इटालियन एनिग्मावरचा एक लांबलचक संदेश आला. तो वाचता वाचता तिच्या लक्षात आलं की अख्ख्या संदेशात 'एल' हे अक्षर एकदाही नाही. एवढ्या मोठ्या मजकुरात एक अक्षर योगायोगाने गायब होत नाही. तिने ताडलं की पलीकडच्या कंटाळलेल्या माणसाला चाचणीचा संदेश पाठवायला सांगितलंय आणि तो बसल्या बसल्या 'एल'चं एकच बटण दाबत राहिलाय. एका माणसाच्या आळसावरून त्या यंत्रातल्या, अक्षरं बदलणाऱ्या नव्या चाकाची जोडणी उलगडली. १९४१ च्या मार्चमध्ये मातापानच्या सागरी लढाईआधी इटालियन नौदलाचे जे संदेश फुटले त्यांतही तिचा मोठा वाटा होता.

तिला 'स्त्रियाही हे करू शकतात' असं भाषण कुणी दिलं नव्हतं. पेन्सिल दिली. तुम्ही पहिल्या दिवशी तासभर भाषण दिलंत, आणि ते मनापासून दिलंत याबद्दल मला शंका नाही. पण 'मुलीही यात पुढे जाऊ शकतात' हे वाक्य वारंवार ऐकलं की मुलीला त्यात एक वेगळीच गोष्ट ऐकू येते: म्हणजे यावर कुणालातरी शंका आहे तर. त्यापेक्षा पुढच्या वेळी एनिग्माचं एखादं संगणकीय प्रतिरूप उघडा, कुणालाही न सांगता एकच अक्षर दोनशे वेळा दाबा, जो मजकूर येईल तो फळ्यावर लिहा आणि म्हणा, 'यात काय विचित्र दिसतंय?' तासभर लागू दे. कुणाला तरी दिसेल. मेव्हिसची गोष्ट त्यानंतर सांगा. मग ते चित्र भिंतीवर शोभेसाठी राहणार नाही. आपण आज जे केलं तेच हिने केलं होतं, असं पाहणारीला वाटेल.

त्याच जागी काम करणाऱ्या जोन क्लार्कचीही गोष्ट सांगा, मोठ्या मुलींना तर जरूर सांगा. ती केंब्रिजची गणिती. तिला बढती द्यायची होती, पण संकेत फोडणाऱ्या स्त्रीसाठी तशी पायरीच नेमणुकीच्या नियमांत नव्हती. म्हणून तिला कागदोपत्री 'भाषातज्ज्ञ' केलं गेलं. एका प्रश्नावलीत तिने पद 'भाषातज्ज्ञ' आणि अवगत भाषा 'एकही नाही' असं लिहिलं. पुढे ती आपल्या विभागाची उपप्रमुख झाली. ब्लेचलीतल्या माणसांत जवळपास तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या, हेही बहुतेकांना ठाऊक नसतं. त्यामुळे 'मुलींना रस नसतो का' या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी 'नाही' असं नुसतं देत नाही. काम हाती दिलं तेव्हा त्यांनी काय केलं ते पाहा, एवढंच म्हणते.

आज चित्र बरं आहे का? आयएससी-टू या संघटनेच्या अलीकडच्या पाहण्यांत जगभरच्या सायबर सुरक्षेत स्त्रियांचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांच्या आसपास येतं. २०१७ च्या पाहणीत ते ११ टक्के होतं, पण मधल्या काळात मोजण्याची पद्धत बदलली, म्हणून 'दुप्पट झालं' असं कुणी सांगितलं तर लगेच टाळ्या वाजवू नका. चार-पाच जणांत एक, एवढं धरून चाला.

मी या कामात १७ वर्षं आहे. सुरुवात एका कंपनीच्या निरीक्षण कक्षात झाली. तिथे पडद्यावर दिवसरात्र अलर्ट येतात आणि त्यातला खरा कोणता, खोटा कोणता हे ठरवायचं असतं. पहिले काही महिने मी एखादा निष्कर्ष मांडला की साहेब मान डोलवायचे आणि माझ्या शेजारच्याला विचारायचे, 'बरोबर आहे ना रे?' त्याने एकदाही चूक म्हटलं नाही. तरी मी हळूहळू बोलणं कमी केलं. विचारायला गेलं तर तक्रार करण्यासारखं काही घडलेलंच नव्हतं. तुमच्या अकरा मुलींपैकी काही अशाच गेल्या असतील, आणि विचारलंत तर 'वेळ जमत नव्हती सर' एवढंच सांगतील.

मग एका रात्री अडीच वाजता एक अलर्ट आला. एकच कर्मचारी, वीस मिनिटांच्या अंतराने दोन ठिकाणांहून लॉगिन, आणि त्या दोन ठिकाणांत विमानानेही काही तासांचं अंतर. व्हीपीएन, म्हणजे खरं ठिकाण लपवणारी जोडणी, लावली असेल, असं म्हणून मी तो अलर्ट बंद केला. सकाळी कळलं की पासवर्ड चोरीला गेला होता. तोवर साहेब बदलले होते. नवे वरिष्ठ माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले, हाताची घडी घातली आणि म्हणाले, 'चल, पहिल्यापासून बघू. तू काय पाहिलंस?' चाळीस मिनिटं त्यांनी माऊसला हात लावला नाही. मी लॉग, म्हणजे यंत्रणेने ठेवलेल्या नोंदी, उघडत गेले. दोन्ही लॉगिनचे ब्राउझर वेगळे होते, ते मला दिसलं. दुसऱ्या लॉगिननंतर तिसऱ्या मिनिटाला त्या मेलपेटीत एक नियम लावला गेला होता: ठरावीक शब्द असलेली प्रत्येक मेल गुपचूप बाहेरच्या पत्त्यावर जावी. तो नियम मी शोधला. त्या रात्री चूक माझी होती आणि त्या सकाळी शोधही माझाच होता. मी या क्षेत्रात टिकले ती त्या चाळीस मिनिटांमुळे, असं मी आजही मानते.

बऱ्याच वर्षांनी कळलं की माणसाच्या नेहमीच्या वागण्याचा नमुना तयार करायचा आणि त्याला सोडून काही घडलं की इशारा द्यायचा, ही त्या अलर्टमागची कल्पना संगणकशास्त्रज्ञ डोरोथी डेनिंग यांनी १९८७ च्या एका निबंधात सविस्तर मांडली होती. ज्या साधनापुढे बसून मी स्वतःला उपरी समजत होते, त्याच्या मुळाशी एका बाईचं डोकं होतं. हे मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं, यात वाद नाही. पण हाताची घडी घालून शेजारी बसलेला माणूस मला जास्त लागत होता.

आता तुमच्या गटाकडे. 'बॅन्डिट' चांगला आहे, पण सुरुवातीला तो एकच दरवाजा ठेवू नका. काळ्या पडद्याची ज्यांना आधीच सवय आहे ते तिथे पुढे धावतात आणि बाकीच्यांना वाटतं की धावता येणं हीच पात्रता. गुणफलक आणि घड्याळ लावलेल्या स्पर्धाही पहिले दोन-तीन महिने बाजूला ठेवा. 'पिकोसीटीएफ' या विद्यार्थ्यांच्या सुरक्षा-स्पर्धेचे जुने प्रश्न स्पर्धेबाहेरही वर्षभर सोडवता येतात, 'पोर्टस्विगर' या कंपनीची वेब सुरक्षेची ऑनलाइन प्रयोगशाळा फुकट आहे. तिथे कुणी मागे लागत नाही.

माझा आवडता पहिला धडा फिशिंग मेलचा, म्हणजे फसवून पासवर्ड वगैरे काढून घेणाऱ्या मेलचा. एक खोटी मेल घ्या, तिचं पूर्ण हेडर, म्हणजे ती कुठून कशी आली याच्या नोंदी, कागदावर छापा आणि दोघींत एक किंवा दोघांत एक असा वाटा. संगणक बंद. मेल कुणाकडून आली असं दाखवतेय, आणि उत्तर कुठल्या पत्त्यावर जाणार आहे? 'रिसीव्हड'ने सुरू होणाऱ्या ओळी खालून वर वाचायच्या, कारण प्रत्येक सर्व्हर आपली ओळ वरती चिकटवत जातो. तळाची सगळ्यात जुनी. अर्थात तळाच्या ओळी पाठवणाऱ्याने खोट्याही घातलेल्या असू शकतात, तेव्हा कुठवर विश्वास ठेवायचा हा पुढचा प्रश्न. पत्त्यातलं रोमन 'एम' नीट पाहा, कधी कधी ते 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी चिकटून बसलेले असतात. ही जागा सापडली की वर्गात जो आवाज उठतो तो एकदा ऐकाच. इथे आधीचा सराव कामाला येत नाही, बारकाईने वाचणं कामाला येतं. मजकूर वाचायची ज्यांना सवय आहे त्या या धड्यात पुढे निघतात, आणि मग काळ्या पडद्याकडे जाताना त्यांच्या गाठीशी एक शोध असतो.

या कामाचे प्रकारही त्यांना नीट दाखवा. हॅकिंग म्हटलं की डोक्यावर टोपी ओढून अंधारात बसलेला एकटा मुलगा डोळ्यांपुढे येतो. तो कुठल्या कार्यालयात बसतो हे मला अजून सापडलेलं नाही. आमच्यात कुणी परवानगी घेऊन यंत्रणेत शिरून पाहतं, कुणी हल्ल्यानंतर डिस्कवरचे पुरावे गोळा करतं, कुणी दुसऱ्याचा कोड तपासतं, कुणी ऑडिट करतं, कुणी नियम लिहितं, कुणी हल्लेखोरांच्या टोळ्यांचा माग काढत दिवसभर वाचत असतं. लॉरी क्रेनर या संशोधिकेने तर माणसं पासवर्डशी कशी वागतात हाच अभ्यासाचा विषय केला. दर थोड्या दिवसांनी सक्तीने पासवर्ड बदलायला लावला की लोक जुन्याच पासवर्डचा शेवटचा आकडा वाढवतात, हे आपण सगळे करतो. त्याचा सुरक्षेला काय उपयोग, असा रोखठोक प्रश्न त्यांनी लावून धरला. अमेरिकेच्या मानक संस्थेने, एनआयएसटीने, २०१७ मध्ये ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका असं स्पष्ट सांगितलं. मानसशास्त्राची एखादी विद्यार्थिनी तुमच्या गटाच्या दारात उभी असेल तर तिला आत बोलवा.

स्त्रिया या क्षेत्रात हव्यात त्या आकडा सुधारायला म्हणून मी म्हणत नाही. सुरक्षेची पहिली पायरी असते हल्लेखोर कोण हे ठरवणं, आणि ज्याने जे भोगलं त्याला तेच आधी सुचतं. पाठ्यपुस्तकातला हल्लेखोर दूर कुठेतरी असतो, त्याला पासवर्ड माहीत नसतो. पण कित्येक स्त्रियांच्या बाबतीत तो एकाच छताखाली राहतो, फोनचा पासवर्ड त्याला ठाऊक असतो, ती झोपलेली असताना तिचं बोट फोनला लावणंही त्याला शक्य असतं. अशा माणसापुढे आपले बहुतेक उपाय लटके पडतात. जोडीदाराच्या फोनमध्ये चोरून बसवलेल्या हेरगिरीच्या अ‍ॅपना अँटिव्हायरस कंपन्यांनी धोका म्हणून ओळखावं, यासाठी सायबर सुरक्षातज्ज्ञ एव्हा गॅल्पेरिन यांनी लढा दिला, आणि २०१९ मध्ये त्याविरुद्ध संस्थांची एक आघाडी उभी राहिली. २०२१ मध्ये हरवलेली वस्तू शोधायला लावायचा अ‍ॅपलचा छोटा 'एअरटॅग' बाजारात आला तेव्हा मालकापासून दूर गेलेला टॅग तीन दिवसांनी आवाज करायचा. कुणी दुसऱ्याच्या पर्समध्ये तो टाकला तर तीन दिवस म्हणजे किती झाले! दोनच महिन्यांत ती मुदत ८ ते २४ तासांवर आणली गेली. 'हे माझ्या पर्समध्ये कुणी टाकलं तर?' हा प्रश्न वस्तू बाजारात जाण्याआधी, आराखड्याच्या बैठकीत विचारणारी माणसं हवीत. तुमच्या मुलींना हा प्रश्न विचारा, 'घरातलाच माणूस हल्लेखोर असेल तर हा फोन कसा वाचवाल?' आणि शांत बसून ऐका.

वेगळी तुकडी करावी का, असं तुम्ही विचारलंत. सुरुवातीचे चार-सहा आठवडे करायला माझी हरकत नाही. कायमची मात्र नको, कारण पुढे नोकरीत खोल्या वेगळ्या नसतात. एकत्र आलात की एक पथ्य पाळा: चौघांच्या चमूत एकटी मुलगी ठेवू नका. दोघी ठेवा, नाहीतर एकही नको. एकटी मुलगी चुकली की 'मुलींना जमत नाही' होतं, दोघींतली एक चुकली तर फक्त ती चुकते. आणि कामं फिरवा. नोंदी ठेवणं आणि अहवाल लिहिणं आपोआप मुलीकडे जातं, 'तिचं अक्षर चांगलं आहे' म्हणून. अहवाल लिहिणं हे मोलाचं काम आहे, मी तर चांगला अहवाल लिहिणाऱ्याला आधी नोकरी देते. पण मग तो मुलांनीही शिकू दे.

पालकांशी खरं बोला. निरीक्षण कक्षात पाळ्या असतात, रात्रपाळीही असते, आणि हल्लेखोर मुद्दाम सुट्टीचा दिवस गाठतात, हे लपवू नका. मी साडेतीन वर्षं रात्रपाळ्या केल्या, त्याने थकायला होतं. पण कोड तपासणं, ऑडिट, संशोधन, नियमांचं काम यांत बहुतेक दिवसाचेच तास असतात. 'हॅकर लोकांचा पिच्छा' म्हणाल तर आमचा संबंध त्यांच्या खुणांशी येतो, त्यांच्याशी नाही. आयएससी-टूने २०२३ मध्ये जगभरात सुमारे ४० लाख माणसांची उणीव असल्याचा अंदाज दिला होता. तो आकडा दाखवून पालकांना भुलवू मात्र नका. उणीव असते ती बहुतांशी अनुभवी माणसांची. पहिली नोकरी मिळवायला इथेही चपला झिजवाव्या लागतात. मुलीला हे आधी माहीत असलं तर दोन नकारांनी ती खचणार नाही.

प्रमाणपत्रांची घाई करू देऊ नका. 'सीआयएसएसपी'चं नाव सगळे घेतात, पण त्या प्रमाणपत्रासाठी साधारण पाच वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. पहिल्या वर्षी एक वही पुरे: काय करून पाहिलं, कुठे अडले, कसं सुटलं. मुलाखतीला ती वही घेऊन आलेल्या मुलीला मी कधी परत पाठवलेलं नाही.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी बजावा, भाषण न करता. परवानगी नसलेल्या यंत्रणेला हात लावायचा नाही, महाविद्यालयाच्या सर्व्हरलाही नाही, 'फक्त पाहिलं' असं म्हणूनही नाही. कुठे छिद्र दिसलं तर तुम्हाला सांगायचं आणि तुम्ही त्या यंत्रणेच्या मालकाला रीतसर कळवायचं. याबाबतीत हुशार मुलंमुली अडचणीत आलेली मी पाहिली आहेत.

आणि ती शेवटची मुलगी. तिला गटात परत ये म्हणून आग्रह करू नका. कधीतरी पाच मिनिटं गाठा आणि म्हणा, 'त्या दिवशी ती डॅश नावाची फाइल तुझी तू उघडली नव्हतीस, दुसऱ्याने उघडली. कर्सर का लुकलुकत होता, ते मला शोधून सांगशील का?' ती फाइल कशी उघडते हे मी इथे लिहिलेलं नाही, कारण हे सदर मुलीही वाचतात. तुम्हीही तिला सांगू नका. ती लॅबमध्ये आली तर शेजारची खुर्ची ओढा, हाताची घडी घाला आणि बसा. किती वेळ लागला ते मला कळवा.